पेशीतला निरोप अडकतो तेव्हा: कॅन्सरची 'नेमकी' गोळी चालते कशी आणि थांबते का

दर थोड्या महिन्यांनी एक बातमी येते. अमुक कॅन्सरवर नवी 'टार्गेटेड' गोळी आली, गाठ काही आठवड्यांत आक्रसली. खाली कुठेतरी 'ईजीएफआर', 'केआरएएस' अशी अक्षरं असतात आणि 'सेल सिग्नलिंग' हा शब्द असतो. ज्यांच्या घरात कॅन्सरचा पेशंट आहे, ते कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर म्हणतात, "तुमच्या रिपोर्टमध्ये ते म्युटेशन (जनुकातला बदल) नाही." नाहीतर म्हणतात, "चालेल, पण किती काळ चालेल ते सांगता येणार नाही." ऐकणाऱ्याला दोन्ही उत्तरं टोलवाटोलवी वाटतात. तशी ती नाहीत. पेशीला निरोप कसा पोचतो आणि पोचलेला निरोप थांबतो कसा, हे कळलं की दोन्ही उत्तरांचा उलगडा होतो. यातला 'थांबतो कसा' हा भाग बातम्यांमध्ये जवळजवळ कधीच नसतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

पेशी स्वतःच्या मनाने वाढत नाही

विभाजन करायचं की गप्प बसायचं, जगायचं की मरायचं, हे आपली पेशी बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या रेणूंवरून ठरवते. अशा रेणूंपैकी सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला म्हणजे ईजीएफ, अवघ्या ५३ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. ते स्टॅनली कोहेन यांना सापडलं. उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे नेहमीपेक्षा कित्येक दिवस आधी उघडत होते. पापण्यांच्या त्वचेला 'वाढ' असं सांगणारं काहीतरी त्या अर्कात होतं, ते हे. कोहेन यांना १९८६ साली रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं.

ईजीएफ पेशीच्या आत शिरून काही सांगत नाही. पेशीच्या कातडीत आरपार रुतलेलं एक प्रथिन असतं, ते रिसेप्टर; ईजीएफचा रिसेप्टर म्हणजेच ईजीएफआर. त्याचं एक टोक बाहेर, दुसरं आत. बाहेरच्या टोकाला ईजीएफ चिकटलं की शेजारचे दोन रिसेप्टर जोडीने जवळ येतात आणि त्यांची आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेटचे छोटे गट बसवतात. त्या फॉस्फेटकडे आतली इतर प्रथिनं ओढली जातात आणि निरोप हातोहात पुढे सरकतो: रास (बातमीतलं 'केआरएएस' हा याचाच एक प्रकार), मग राफ, मग मेक, मग अर्क (ईआरके; हे प्रथिनाचं नाव, वर आलेला लाळग्रंथींचा अर्क वेगळा). अर्क पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि वाढीला लागणारी जनुकं चालू होतात.

वेळेचं गणित इथे फार महत्त्वाचं आहे. रिसेप्टरवर फॉस्फेट बसायला एखादं मिनिट पुरतं. अर्क साधारण पाच मिनिटांत कमाल पातळीला जातं, आणि बऱ्याच पेशींमध्ये तासाभरात पुन्हा खाली येतं. बाहेर ईजीएफ शिल्लक असलं तरी येतं. म्हणजे निरोप बंद करण्याची सोय निरोपाबरोबरच सुरू झालेली असते. रिसेप्टर आत ओढून नष्ट केले जातात, बसवलेले फॉस्फेट काढले जातात.

दारावरची बेल डोळ्यांसमोर आणा. बोट दाबलं की वाजते, बोट काढलं की बटणाखालची स्प्रिंग ते वर ढकलते आणि आवाज थांबतो. बेल वाजण्यात स्प्रिंगचा काही हात नाही असं वाटतं, पण स्प्रिंग तुटली की एकदा दाबलेली बेल वाजतच राहते. कॅन्सरमध्ये बहुधा नवी बेल बसवलेली नसते. जुन्याच बेलचं बटण रुतलेलं असतं.

फॉस्फेट बसवणारे आणि काढणारे

जे एन्झाइम दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसवतं त्याला कायनेज म्हणतात, जे काढतं त्याला फॉस्फेटेज. फॉस्फेट येतो एटीपी या पेशीच्या इंधनरेणूवरून. इवल्याशा फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो बसला की प्रथिनाची घडी बदलते, झाकलेला भाग उघडा पडतो किंवा उघडा भाग झाकला जातो. त्यामुळे त्याचं काम चालू होतं किंवा बंद पडतं. फॉस्फेट काढला की पूर्वस्थिती.

ही युक्ती प्रथम स्नायूंमध्ये, साखरेचा साठा फोडणाऱ्या एन्झाइमवर सापडली. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांचं ते १९५० च्या दशकातलं काम, नोबेल १९९२ साली. तेव्हा कॅन्सरचा विषयच नव्हता. माणसाच्या जनुकसंचाची यादी हाती आल्यावर २००२ साली मोजदाद झाली तेव्हा कायनेजची संख्या ५१८ भरली. त्यांतली ९० टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवणारी निघाली, बाकीची बहुतेक सेरीन आणि थ्रिओनीनवर. ही ९०ची टोळी लहान आहे, पण कॅन्सरच्या कितीतरी गोळ्या तिच्यावरच चालतात. ती टोळी सापडली कशी, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जैवरसायनशास्त्रज्ञाचं काम प्रत्यक्षात कसं चालतं तेही त्यात दिसतं.

कोंबडीची गाठ आणि शिळा द्राव

१९११ साली पेटन राउस यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये कोंबडीची गाठ वाटून, गाळून, पेशीविरहित पाणी दुसऱ्या कोंबडीला टोचलं. तिलाही गाठ झाली. गाळणीतून पार होणारं काहीतरी, म्हणजे विषाणू, कॅन्सर करत होता. पुढे त्या विषाणूतलं नेमकं जनुक सापडलं, त्याचं नाव सार्क. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरल्ड वार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हेच जनुक निरोगी पक्ष्यांच्या पेशींतही असतं. विषाणूने ते कधीतरी पेशीकडूनच उचललं होतं. म्हणजे कॅन्सरचं बियाणं आपल्याच घरातलं निघालं.

सार्क करतं काय? रे एरिक्सन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की ते कायनेज आहे. ते फॉस्फेट बसवतं कशावर, याचं उत्तर त्या वेळी आलं 'थ्रिओनीन', कारण तेव्हा सेरीन आणि थ्रिओनीन हीच उत्तरं लोकांच्या डोक्यात होती.

कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर हे ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ पॉलिओमा नावाच्या वेगळ्याच विषाणूच्या प्रथिनावर काम करत होते. पद्धत अशी: प्रथिनावर किरणोत्सारी फॉस्फेट बसवायचा, प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून त्याचे अमिनो आम्लांपर्यंत तुकडे करायचे, ते तुकडे पातळ प्लेटवर ठेवून विजेच्या दाबाखाली पळवायचे. प्रत्येक अमिनो आम्ल आपल्या विद्युतभारानुसार वेगळ्या अंतरावर थांबतं. शेजारी ओळखीचे नमुने पळवायचे आणि किरणोत्सारी ठिपका कुणाच्या रांगेत बसतो ते पाहायचं.

१९७९ मध्ये हंटर यांचा ठिपका सेरीनच्या रांगेत बसेना आणि थ्रिओनीनच्याही बसेना. फॉस्फेट घेऊ शकेल असं तिसरं अमिनो आम्ल टायरोसीन. त्यांनी फॉस्फेटवालं टायरोसीन तयार करून शेजारी पळवलं, ठिपका बरोबर जुळला. मग प्रश्न आला की इतरांना हे का दिसलं नव्हतं. प्लेट ज्या द्रावात पळवायची त्याचा पीएच १.९ असायला हवा होता. हंटर यांनी ताजा द्राव केलेला नव्हता, जुनाच वापरला होता, आणि वापरून वापरून त्याचा पीएच १.७ च्या आसपास उतरला होता. १.९ ला फॉस्फेटवालं थ्रिओनीन आणि फॉस्फेटवालं टायरोसीन एकाच जागी येतात. १.७ ला ती दोन सुटी होतात.

ही गोष्ट 'आळसाचं फळ' म्हणून गमतीने सांगितली जाते. सांगणारे एक विसरतात: न जुळणारा ठिपका प्रयोगातली घाण म्हणून सोडून देणं सगळ्यात सोपं होतं. १९८० मध्ये हंटर आणि बार्ट सेफ्टन यांनी दाखवलं की सार्कही टायरोसीनवरच फॉस्फेट बसवतं. साध्या पेशीत प्रथिनांवरच्या एकूण फॉस्फेटपैकी टायरोसीनवरचा वाटा सुमारे ०.०३ टक्के इतकाच असतो. विषाणूच्या सार्कने बिघडलेल्या पेशीत तो कित्येक पटींनी वाढतो. त्याच सुमारास ईजीएफचा रिसेप्टरही टायरोसीन कायनेजच आहे हे कोहेन यांच्याकडे दिसलं. वाढीचा निरोप आणि कॅन्सर एकाच रसायनावर येऊन भेटले.

बटण रुततं कसं

सार्कचंच उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. निरोगी सार्कच्या शेपटाकडे एक टायरोसीन असतं, कोंबडीच्या सार्कमध्ये क्रमांक ५२७ चं. त्यावर फॉस्फेट बसला की शेपूट वळून सार्कच्याच दुसऱ्या भागात अडकतं आणि सार्क मिटून बसतं. ही त्याची स्प्रिंग. विषाणूने जनुक उचललं तेव्हा शेवटची १९ अमिनो आम्लं गळून त्या जागी भलतीच १२ आली. ५२७ गेलं, मिटण्याची सोयच गेली.

दुसरा प्रकार दोन जनुकं जुळण्याचा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ओळखलं. त्या जोडावर बीसीआर-एबीएल नावाचं एक जोडप्रथिन तयार होतं. त्यातलं एबीएल हे टायरोसीन कायनेज एरवी आवरलेलं असतं. जोडीत आल्यावर ते सतत चालू राहतं.

तिसरा प्रकार रासचा. रास कायनेज नाही. जीटीपी नावाचा रेणू धरला की रास चालू, तो तोडून जीडीपी केला की बंद. तोडण्याचं काम काही अंशी रास स्वतःच करतं, म्हणजे स्प्रिंग बटणातच बसवलेली. १२ व्या जागी ग्लायसीन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्ल असतं. तिथे दुसरं जवळजवळ कुठलंही आलं की ते आड येतं आणि तोडणं जवळजवळ थांबतं. एका अक्षराच्या चुकीने निरोप कायमचा चालू.

कायनेज चालू आहे हे मोजतात कसं

हा भाग वगळून पुढे जाता येईल, पण 'प्रयोगशाळेत औषधाने सिग्नल बंद केला' या बातमीचं वजन किती धरायचं हे इथेच कळतं.

पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवतात. आदल्या रात्री त्यांचा पोषकद्राव बदलून त्यातलं सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) काढून टाकतात, कारण सीरममध्ये वाढीचे रेणू ठासून भरलेले असतात आणि बेल आधीच वाजत असेल तर नवी वाजलेली ऐकू येत नाही. बारा ते सोळा तास असं उपाशी ठेवल्यावर ईजीएफ घालतात, पाच मिनिटं थांबतात आणि बशी थेट बर्फावर ठेवतात. गार खारट पाण्याने धुऊन पेशी फोडतात. जेलमधून प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पातळ पडद्यावर उतरवतात आणि तो पडदा अशा प्रतिपिंडात भिजवतात की जे फॉस्फेट बसलेल्या अर्कलाच चिकटेल. दोन पट्टे उमटतात, ४२ आणि ४४ किलोडाल्टनवर (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं माप). पट्टा गडद म्हणजे निरोप चालू.

बिघडतं ते बहुतेक वेळा फॉस्फेटेजमुळे. पेशी फुटली की ही एन्झाइम्स मोकाट सुटतात आणि बसलेले फॉस्फेट मिनिटांत काढून टाकतात. म्हणून फोडण्याच्या द्रावात सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट आणि सोडियम फ्लोराइड घालतात. पहिलं टायरोसीनवरच्या फॉस्फेटेजला रोखतं, दुसरं सेरीन-थ्रिओनीनवरच्या. व्हॅनेडेट नुसतं विरघळवून भागत नाही. पीएच १० ला आणून, पिवळा रंग जाऊन द्राव पाण्यासारखा होईपर्यंत उकळावं लागतं. पिवळेपणा म्हणजे त्याचे रेणू गुच्छ करून बसले आहेत आणि काम करणार नाहीत. त्याच द्रावात कुणी सवयीने ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) घातलं तर व्हॅनेडेट त्याच्याशीच बांधलं जातं आणि निकामी होतं. पडद्यावरची रिकामी जागा भरायला स्वस्त म्हणून दुधाची पावडर वापरतात. फॉस्फेट शोधायचा असेल तर ती टाळलेली बरी, कारण दुधातल्या केसीनवर भरपूर फॉस्फेट असतो आणि पडदा सगळाच काळवंडतो. तिथे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन वापरतात. आणि एकूण अर्क किती आहे याचा दुसरा पडदा नसेल तर फिकट पट्ट्याला काही अर्थ नाही. निरोप बंद झाला की बशीतल्या पेशीच मेल्या, हे त्यावरून सांगता येत नाही.

आणखी दोन सापळे. बशीत एखाद्या रसायनाची मात्रा मनाला येईल तितकी वाढवता येते. दहा-वीस मायक्रोमोलरला कितीतरी पदार्थ कुठलं ना कुठलं कायनेज बंद करतात, पण रक्तात तेवढी पातळी कधी येतच नाही. अमुक पदार्थाने कॅन्सरचा सिग्नल रोखला अशा बातम्यांमध्ये ही मात्रा शोधून पाहावी. दुसरा सापळा वेळेचा. औषध घातल्यावर एका तासाने पट्टा पुसलेला दिसतो, फोटो छान येतो. त्याच बशीतल्या पेशी २४ तासांनी पाहिल्या तर पट्टा पुष्कळदा परत आलेला असतो. हा परतलेला पट्टा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

सगळ्या कायनेजना एटीपी लागतो, मग औषध एकालाच कसं पकडतं?

ही शंका १९८०-९० च्या दशकांत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही होती. पाचशेवर कायनेजमध्ये एटीपी बसण्याची खोबण जवळपास सारखी. तिथे बसणारं औषध सगळंच बंद पाडेल, पेशंट आधी जाईल, अशी भीती होती.

उत्तर मिळालं ते बंद कायनेजच्या घडीत. चालू असताना सगळी कायनेज एकसारखी दिसतात, कारण काम एकच आहे. बंद असताना प्रत्येकाची मिटण्याची तऱ्हा निराळी. इमॅटिनिब, म्हणजे ग्लिव्हेक या नावाने गाजलेली गोळी, एबीएलच्या मिटलेल्या घडीत जाऊन बसते आणि त्याला उघडूच देत नाही. स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि सहकाऱ्यांनी ती घडवली, अमेरिकेत ओरेगॉनमधल्या ब्रायन ड्रुकर यांनी सीएमएलसाठी तिचा पाठपुरावा केला. १९९८ मध्ये चाचणी सुरू झाली. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेतलेल्या ५४ पेशंटपैकी ५३ जणांचं रक्तचित्र पूर्ववत झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनी हयात होते.

'नेमकी' हा शब्द मात्र जपून घ्यावा. हीच गोळी केआयटी आणि पीडीजीएफआर ही आणखी दोन कायनेज रोखते. नशीब असं की जठर-आतड्याच्या एका प्रकारच्या गाठीत, जिस्टमध्ये, केआयटीचंच बटण बऱ्याचदा रुतलेलं असतं, म्हणून ती तिथेही चालली.

मग प्रत्येक कॅन्सरला अशी गोळी का नाही?

पहिलं कारण: सीएमएल हा अपवाद आहे. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा सगळा डोलारा एका बिघाडावर उभा असतो. फुप्फुस, स्वादुपिंड, मोठं आतडं यांच्या गाठींमध्ये बिघाड अनेक असतात, आणि सगळ्या पेशींत तेच असतात असंही नाही.

दुसरं: तुटलेल्या स्प्रिंगवर गोळी बनवणं फार अवघड. गोळी एखाद्या प्रथिनाला रोखू शकते, नसलेलं प्रथिन भरून काढू शकत नाही. पीटेन हे असंच एक फॉस्फेटेज आहे. पेशीच्या कातडीतल्या एका मेदरेणूवर पीआय३-कायनेज फॉस्फेट बसवतं, पीटेन तो काढतं. पीटेन गेलं की हा निरोप वाहतच राहतो. मग औषधाला वळसा घालून कायनेजकडे जावं लागतं.

तिसरं कारण रासचं. रास जीटीपीला इतकं घट्ट धरतं आणि पेशीत जीटीपी इतका भरपूर असतो की त्या खोबणीत घुसून त्याला हटवणारं औषध बनवणं जमेना. बाकी पृष्ठभाग गुळगुळीत, धरायला जागा नाही. जवळपास तीस वर्षं रासला 'औषध लागू न होणारं' म्हणत होते. २०१३ मध्ये केवन शोकॅट यांच्या गटाने १२ व्या जागी सिस्टीन आलेल्या रासमध्ये, म्हणजे जी१२सी प्रकारात, एक फट शोधली. सिस्टीनमधल्या गंधकाशी रासायनिक बंध करून औषध तिथे कायमचं रोवता येतं. निरोगी रासमध्ये तिथे सिस्टीन नसतंच, त्यामुळे ते वाचतं. सोटोरॅसिब मे २०२१ मध्ये मंजूर झालं. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या चाचणीत १२४ पैकी सुमारे ३७ टक्के पेशंटच्या गाठी ठरलेल्या निकषाइतक्या आक्रसल्या, आणि आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यगा काळ ६.८ महिने होता. तीस वर्षांची कोंडी फुटली हे खरंच. ६.८ महिने हेही खरंच. बातमीच्या मथळ्यात पहिलंच येतं.

आठ महिने छान चालली, मग अचानक का थांबली?

'शरीराला सवय झाली' असं लोक म्हणतात. शरीराला काही होत नाही. बदलतात त्या गाठीतल्या पेशी, आणि बदललेल्या काही पेशी बहुधा पहिल्या गोळीच्या आधीपासूनच हजर असतात. एक सेंटिमीटरच्या गाठीत अब्जाच्या घरात पेशी असू शकतात. प्रत्येक विभाजनात डीएनएच्या एखाद्या ठरावीक अक्षराची चूक होण्याची शक्यता अब्जात एकच्या आसपास. हा नुसता हिशेब मांडला तरी दिसतं की हवी ती एक चूक कुठल्यातरी पेशीत आधीच झालेली असणार. औषध बाकीच्यांना मारतं आणि तिला रान मोकळं करून देतं.

ही चूक कशी असते? इमॅटिनिब ज्या खोबणीत बसतं तिथे ३१५ क्रमांकाचं थ्रिओनीन असतं. त्या जागी आयसोल्युसीन आलं तर ते जागा अडवतं आणि औषधाशी होणारा एक बंधही तुटतो. कायनेजला फरक पडत नाही, एटीपी आरामात बसतो. हा टी३१५आय बदल २००१ मध्येच, मंजुरीच्याच वर्षी, ओळखला गेला. त्याला पुरून उरणारं पोनॅटिनिब २०१२ मध्ये आलं. ईजीएफआरमध्येही हुबेहूब तसंच: ७९० व्या जागचा टी७९०एम हा बदल पहिल्या पिढीच्या गोळ्या हरल्यावर सुमारे निम्म्या पेशंटमध्ये सापडतो, त्याला ओसिमर्टिनिब लागू पडतं, आणि त्यालाही ७९७ व्या जागचा बदल पुढे अडवतो.

दुसरा मार्ग जास्त बेरकी आहे, आणि त्यात कसलंही नवं म्युटेशन लागत नाही. राफ कुटुंबातल्या बीराफच्या व्ही६००ई या बदलावर वेमुराफेनिब २०११ मध्ये आलं. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये जोरदार चाललं. तोच बदल असलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ते जवळजवळ फुकट गेलं. म्युटेशन तेच, औषध तेच, मग फरक कुठे? अर्क चालू असताना ते उलट दिशेने वरच्या रिसेप्टरला दाबून धरतं, निरोप फार वाढू नये म्हणून. औषधाने अर्क बंद केलं की हा दाब सुटतो. आतड्याच्या पेशींत ईजीएफआर भरपूर, ते लगेच उसळतं आणि निरोप दुसऱ्या वाटेने खाली पाठवतं. २४ तासांनी परतलेला पट्टा तो हाच. मेलॅनोमाच्या पेशींत सहसा ईजीएफआर फारसं नसतं, म्हणून तिथे हे घडत नाही. उपाय त्यातूनच निघाला: बीराफवर एक आणि ईजीएफआरवर एक अशी दोन औषधं एकत्र. आतड्याच्या कॅन्सरसाठी अशी जोडी २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

मुद्दाम नेमकी केली, तरी दुष्परिणाम का?

कारण तीच बेल निरोगी पेशींतही आहे. ईजीएफआर रोखलं की चेहऱ्यावर, छातीवर पुरळ आणि जुलाब, कारण त्वचा आणि आतड्याचं अस्तर रोज त्याच निरोपावर नवं होतं. पीआय३-कायनेज इन्सुलिनच्या निरोपाच्याही वाटेवर आहे, म्हणून त्यावरच्या अल्पेलिसिबने रक्तातली साखर वाढते आणि ती सुरुवातीपासून तपासत राहावी लागते. वेमुराफेनिबचा प्रकार चमत्कारिक: ज्या पेशींत बीराफचा बिघाड नाही तिथे ते निरोप उलट वाढवतं, आणि काही पेशंटच्या त्वचेवर नव्याच छोट्या गाठी येतात. मेक रोखणारं औषध जोडीला दिलं की त्या कमी होतात.

'रिपोर्टमध्ये म्युटेशन नाही, तरी देऊन बघायला काय हरकत आहे?'

हरकत आहे, आणि तिला आकडे आहेत. पूर्व आशियातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेली आयपास ही चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ईजीएफआर म्युटेशन असलेल्यांपैकी ७१ टक्क्यांच्या गाठी गेफिटिनिबने (ईजीएफआर रोखणारी पहिल्या पिढीची गोळी) आक्रसल्या, केमोथेरपीने ४७ टक्क्यांच्या. म्युटेशन नसलेल्यांमध्ये गेफिटिनिबचा आकडा १ टक्क्याच्या आसपास, केमोथेरपीचा २३ टक्क्यांच्या वर. ज्याला गोळी लागू नाही त्याला ती दिली तर चालू शकणारे उपचार लांबतात, आणि वेळ तर गेलेलाच असतो.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी विचाराव्यात. तपासणी गाठीच्या तुकड्यावर झाली की रक्तावर? रक्तात गाठीचा डीएनए फार थोडा असू शकतो, त्यामुळे रक्तात 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं धरत नाहीत, जमल्यास तुकड्यावर पुन्हा पाहतात. आणि औषध चालेनासं झाल्यानंतरचा तुकडा नवा घेतला आहे का? पहिल्या निदानाच्या वेळचा रिपोर्ट औषधाआधीच्या गाठीचा आहे, आज वाढणाऱ्या पेशी कदाचित त्यातल्या नाहीत.

सगळं बरं दिसतंय, आता गोळी बंद करावी का?

हा प्रश्न सीएमएलमध्ये खरोखर तपासून पाहिला गेला. बीसीआर-एबीएलचा मागमूस किमान दोन वर्षं सापडत नाही अशा पेशंटचं इमॅटिनिब फ्रान्समधल्या एका चाचणीत थांबवलं. वर्षभरानंतर सुमारे चाळीस टक्के लोक गोळीविना तसेच होते. उरलेल्यांमध्ये आजार परतला तो बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो पुन्हा आटोक्यात आला. परत येतो कुठून? अस्थिमज्जेतल्या काही मूळपेशींमध्ये बीसीआर-एबीएल असतं, पण जगण्यासाठी त्या त्याच्यावर अवलंबून नसतात. निरोप रोखला तरी त्या मरत नाहीत, थांबून राहतात.

त्यामुळे गोळी थांबवण्याचा निर्णय डॉक्टर ठरलेल्या निकषांवर घेतात: किती वर्षं उपचार झाले, बीसीआर-एबीएल किती खोलवर उतरलं आणि तिथे किती काळ टिकलं. थांबवल्यावर पहिले महिने साधारण दर महिन्याला रक्ताची पीसीआर तपासणी करतात आणि आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की लवकरच औषध परत सुरू करतात. ज्यांना ही तपासणी नियमित करून मिळणार नाही, त्यांना गोळी चालूच ठेवायला सांगतात.